घशात पांढरं दिसलं, तरी औषध का नाही?

प्रश्न : माझा मुलगा ६ वर्षांचा आहे. परवापासून ताप आहे, घसा दुखतोय, नाक गळतंय, अधूनमधून खोकतोही. मोबाइलच्या टॉर्चने पाहिलं तर दोन्ही टॉन्सिल लालबुंद आणि त्यांवर पांढरे ठिपके. चार महिन्यांपूर्वी असंच झालं, तेव्हा अँटिबायोटिक दिलं आणि दोन दिवसांत स्वारी खेळायला लागली. या वेळी दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, ‘व्हायरल आहे, तापाचं औषध द्या, बाकी काही नको.’ घशात पू असताना व्हायरल कसं? मागची बाटली थोडी उरली आहे, ती सुरू करू का?

उत्तर : आधी ती बाटली बाद करा. पावडरमध्ये पाणी घालून तयार केलेलं असं औषध फार तर आठवडा-दोन आठवडे टिकतं, तुमची बाटली चार महिन्यांची आहे. शिवाय ती उरली कशी, हाही प्रश्न आहेच. मूल खेळायला लागलं की डोस चुकायला लागतात, हे मी रोज ऐकते.

आता पांढऱ्या ठिपक्यांबद्दल. पांढरं म्हणजे पू आणि पू म्हणजे जिवाणू, हे गणित मीसुद्धा एकेकाळी मांडायचे. प्रॅक्टिसला नवी असताना १४ वर्षांची एक मुलगी आली. टॉन्सिलवर पांढरा थर, अंगात सणसणीत ताप. मी बिनदिक्कत अमॉक्सिसिलिन लिहून दिलं. सहाव्या दिवशी आई तिला घेऊन परत आली. फ्रॉक वर करून पाठ दाखवली, तर मानेपासून कमरेपर्यंत लाल पुरळ. तेव्हा कुठे मी तिचं पोट तपासलं. डाव्या बरगडीखाली प्लीहा हाताला लागत होती. तो एपस्टाइन-बार विषाणूचा ताप होता. त्यात हे औषध पडलं की असं पुरळ पुष्कळदा उठतं, आणि ती दर वेळी औषधाची ॲलर्जी असतेच असं नाही. तेव्हापासून घसा कितीही बोलका असला तरी पोटावर हात ठेवल्याशिवाय मी चिठ्ठी लिहीत नाही. ॲडिनोव्हायरसही टॉन्सिलवर असेच पांढरे ठिपके आणतो.

मग ओळखायचं कशावरून? खरं सांगायचं तर घशापेक्षा नाक जास्त सांगतं. मूल बाहेर बसलेलं असतानाच मी कान देते. खोकतंय का? नाव सांगताना आवाज घोगरा येतोय का? मग नाक, डोळ्यांची लाली, तोंडातले फोड. यातलं काही सापडलं की पारडं विषाणूकडे झुकतं. स्ट्रेप्टोकोकस (थोडक्यात स्ट्रेप) जिवाणूचा घसा वेगळा वागतो. सकाळी धावणारं मूल संध्याकाळी तापाने फणफणतं, थुंकी गिळतानाही तोंड वाकडं करतं, पण नाक कोरडं आणि खोकला नाही. डोकं दुखतं, पोट दुखतं, एखादी उलटीही होते, त्यामुळे पुष्कळ आईवडील पोटाची तक्रार घेऊन येतात. जबड्याच्या कोनाखाली मी दोन बोटांनी दाबते तेव्हा माझं लक्ष गाठीकडे कमी आणि मुलाच्या चेहऱ्याकडे जास्त असतं. दुखरी गाठ असली की डोळे बारीक होतात. कधी टाळूवर पेनाच्या टोकाने टिंबं दिल्यासारखे लाल ठिपके दिसतात, कधी अंगावर हाताला खरखरीत लागणारं पुरळ येतं.

या खुणांना गुण देण्याची पद्धत रॉबर्ट सेंटॉर यांनी १९८१ मध्ये मोठ्या माणसांसाठी मांडली. १९९८ मध्ये मॅकआयझॅक यांनी तिच्यात वयाचा गुण घातला. पण सगळे गुण भरले तरी निम्म्याच्या आसपास मुलांमध्येच स्ट्रेप निघतो. म्हणून हे गुण औषध कुणाला द्यायचं यासाठी नाहीत, स्वॅब, म्हणजे कापसाच्या काडीने घशातला नमुना, कुणाचा घ्यायचा यासाठी आहेत. झटपट चाचणी पाच-दहा मिनिटांत होते, कल्चरला, म्हणजे नमुन्यातले जिवाणू प्रयोगशाळेत वाढवून पाहायला, एक-दोन दिवस लागतात.

‘मग सगळ्यांचाच स्वॅब घ्या ना,’ असं तुम्ही म्हणाल. तिथेच मेख आहे. शाळेत जाणाऱ्या साधारण दहातल्या एका मुलाच्या घशात हा जिवाणू काही त्रास न देता राहत असतो. अशा मुलाला सर्दी झाली आणि स्वॅब घेतला, तर रिपोर्ट पॉझिटिव्ह येईल आणि आजार मात्र विषाणूचाच असेल. तुमच्या मुलाचं नाक गळतंय, खोकला आहे. दुसऱ्या डॉक्टरांचं बरोबर आहे, मीही हेच केलं असतं. मागच्या वेळी दोन दिवसांत उतार पडला, त्यावरून काही ठरत नाही. विषाणूचा ताप तेवढ्यात उतरू शकतो आणि स्ट्रेपचाही तीन ते पाच दिवसांत आपोआप उतरतो.

उतरतो, तरी स्ट्रेपला औषध देतो ते मुख्यतः हृदयासाठी. उपचार न झालेल्या घशानंतर दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. दुखणं सुरू झाल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झालं तर हे टळतं, त्यामुळे कल्चरसाठी दोन दिवस थांबल्याने बिघडत नाही. पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन पूर्ण १० दिवस द्यायचं. या जिवाणूला पेनिसिलिन अजूनही लागू पडतं.

मात्र लाळ गळत असेल, तोंड उघडत नसेल, तोंडात काही धरून बोलल्यासारखा आवाज येत असेल, श्वास घेताना घरघर होत असेल किंवा घशात राखाडी, चिकटून बसलेला पडदा दिसत असेल, तर चमच्याने घसा बघत बसू नका. थेट रुग्णालय गाठा.

प्रश्न : मुलीच्या रक्तात पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रथिन) दोन्ही वाढले आहेत. म्हणजे घशाचा संसर्ग जिवाणूचाच ना?

उत्तर : नाही. ॲडिनोव्हायरस हे दोन्ही आकडे चांगलेच वर नेतो. घशासाठी स्वॅब जे सांगतो ते रक्त सांगत नाही.

प्रश्न : मोठ्याला स्ट्रेप निघाला. धाकटी २ वर्षांची आहे, तिचाही स्वॅब घ्यावा का? आणि मोठ्याला शाळेत कधी पाठवू?

उत्तर : धाकटी ठणठणीत असेल तर नको. तीन वर्षांखाली हा आजार क्वचित होतो. पण घरात स्ट्रेप आहे म्हटल्यावर तिला ताप आला किंवा ती गिळायला रडायला लागली, तर जरूर दाखवा. मोठ्याला औषध सुरू होऊन एक दिवस झाला आणि ताप उतरला की पाठवा. दहाव्या दिवसापर्यंतचे डोस शाळेच्या धांदलीत राहून जातात, तेवढे सांभाळा.