हिशेब

पत्र : मी ठाण्याला राहते, वय 39. सकाळी बारा सूर्यनमस्कार आणि अर्धा तास लेखन, हा माझा दोन वर्षांचा नेम. पण गणपतीला सासरी संगमेश्वरकडे गेलो की सगळं बंद पडतं. घरात वीस माणसं, नैवेद्याचा स्वयंपाक, रात्री भजनं. नवरा पहाटे धावून येतो, मला मात्र जमत नाही. नमस्कार पहिले दोन दिवस माडीवर दार लावून घालते. वही पिशवीत साड्यांखाली तशीच राहते. मागे एकदा सासूबाईंनी विचारलं, काय लिहितेस गं, तेव्हा हिशेब म्हणून सांगितलं. परत आल्यावर घडी बसायला दिवाळी उजाडते. सुट्टीत नेम कसा टिकवू?

उत्तर : तुझ्या पत्रात वीस माणसं आहेत, पण मी त्या एका शब्दापाशीच अडकले. हिशेब.

सासूबाईंनी आपण होऊन विचारलं होतं. वही ओढली नाही, टोमणा मारला नाही. काय लिहितेस गं, एवढंच. आणि तू खोटं सांगितलंस. मग हिशेब लिहीत बसलेल्या सुनेला त्यांनी नारळ खवायला हाक मारली, तर त्यांचं काय चुकलं? हिशेब रात्रीही होतो, ठाण्याला परत जाऊनही होतो. त्यासाठी कुणी कुणाला अर्धा तास मोकळं सोडत नाही.

रमाबाई रानडे 1873 मध्ये, अकराव्या वर्षी लग्न होऊन सासरी आल्या. शिकू लागल्या, तर घरातल्याच बायकांनी त्यांना घालूनपाडून बोलून हैराण केलं. तशा घरात तू वही लपवली असतीस, तर मी ब्र काढला नसता. पण तुला कोण काय बोललं? पत्रात तसं एक वाक्य नाही. उलट नवरा सर्वांदेखत चिखलाचे बूट घालून बाहेर पडतो, म्हणून तो त्या वेळी घरात नसतो हे सगळ्या घराला ठाऊक आहे. तुझ्या वेळेचा त्यांना पत्ताच नाही. तुझा मला राग येतोय, आणि तो का येतोय तेही सांगते.

माझी आई कॅलेंडरच्या पानांच्या पाठीमागे लिहायची. पेन्सिलीने, बारीक अक्षरात, स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून. आम्ही भावंडांनी विचारलं की म्हणायची, दुधाचा हिशेब. ती गेल्यावर आम्ही तो गठ्ठा रद्दीत घातला. डब्यात तळाला अंथरलेलं एक पान तेवढं राहिलं. त्यावर पावसात परसातली अळूची पानं कशी दिसतात, ते लिहिलं होतं. आठ ओळी. लिटरचा आकडा कुठेही नव्हता.

नमस्कारांची काळजी सोड. दहा दिवसांच्या खंडाने शरीर विसरत नाही, कमावलेली ताकद दोन-तीन आठवडे बऱ्यापैकी टिकते. दिवाळीपर्यंत जे लांबतं ते परत आल्यावर स्वतःवर रुसून बसल्यामुळे. तिथे बारा नाही जमले तर सहा घाल, पण पडवीत घाल. भाद्रपदात बाहेर पाऊस असला तरी पडवी कोरडी असते. पोरं येऊन शेजारी उभी राहतील, राहू देत.

आता लेखनाचं. यंदा हरताळकेला घरी पोचशील, त्याच संध्याकाळी सासूबाई दुर्वा निवडत बसल्या की शेजारी बस, जुडी हातात घे आणि सांग, "आई, मागे तुम्ही विचारलंत तेव्हा मी हिशेब म्हटलं. तो हिशेब नव्हता. मी गोष्टी लिहिते. दुपारी जेवणं आटोपली की अडीच ते तीन मी पडवीत लिहायला बसेन, तीन वाजता चहाचं आधण मी ठेवेन." परवानगी मागू नकोस, वेळ सांग. नवऱ्याला मध्ये घालू नकोस, तो काही तुझा वकील नाही. हे एवढं एक केलंस की पुरे, दुसरी युक्ती मी देणार नाही.

जीभ अडखळेल. लग्नाला पंधरा वर्षं झालेल्या सुनेला सासूसमोर "मी लिहिते" म्हणताना लाज वाटते, हे मला कळतं. तरी दुर्वांची एकवीसची जुडी पुरी व्हायच्या आत बोलून टाक. त्या कदाचित नुसतं "बरं" म्हणतील, किंवा कसल्या गोष्टी म्हणून विचारतील. विचारलं तर या वेळी खरं उत्तर दे. आणि दुसऱ्या दिवशी चतुर्थीची धांदल कितीही असो, अडीच वाजता वही घेऊन सगळ्यांसमोर बस.