‘जबाबदारी’ आणि ‘दायित्व’ : अंतराळ कायद्यात अदलाबदल चालेल का?

प्रश्न असा आहे : खासगी कंपनीच्या उपग्रहाबद्दल लिहिताना ‘जबाबदारी’ आणि ‘दायित्व’ हे शब्द एकमेकांऐवजी वापरले तर चालतील का?

एरवी चालतील, इथे नाही. १९६७च्या बाह्य अवकाश कराराचं कलम ६ जबाबदारीचं आहे. आपल्या खासगी कंपन्यांनी अवकाशात काहीही केलं तरी जाब देशाला द्यायचा. कंपनीला परवानगी द्यायची आणि पुढे सतत देखरेख ठेवायची. कुणाचं नुकसान झालेलं नसलं तरी ही जबाबदारी असतेच. कलम ७ दायित्वाचं, म्हणजे भरपाईचं. ती प्रक्षेपक राष्ट्रानं, म्हणजे प्रक्षेपणाशी संबंध असलेल्या देशानं (नेमकं कोण, ते शेवटी), द्यायची. कराराच्या फ्रेंच संहितेत दोन्हीकडे एकाच धातूचे शब्द आहेत. मराठीत दोन शब्द हाताशी आहेत, तर ते वेगळे ठेवावेत.

जानेवारी २०१८मध्ये पीएसएलव्ही-सी४०नं श्रीहरिकोट्याहून ‘स्पेसबी’ नावाचे चार उपग्रह नेले. मालक स्वार्म ही अमेरिकी कंपनी. एकेक उपग्रह जेमतेम १० × १० × २.८ सेंमी, इतक्या लहान वस्तूचा माग खात्रीनं काढता येणार नाही म्हणून अमेरिकेच्या दळणवळण आयोगानं परवानगी नाकारली होती. तरी ते गेले, आणि कंपनीला ९ लाख डॉलर भरावे लागले. देखरेखीची जबाबदारी अमेरिकेची. पण या उपग्रहांमुळे जमिनीवर कुणा तिसऱ्या देशाचं नुकसान झालं असतं, तर दायित्व भारतावरही आलं असतं, कारण उड्डाण भारतातून झालं. १९७२च्या दायित्व करारानुसार अशा नुकसानीत चूक सिद्ध करावी लागत नाही (कक्षेतल्या टकरीत लागते), आणि पूर्ण रक्कम कुठल्याही एका प्रक्षेपक राष्ट्राकडे मागता येते.

‘प्रक्षेपक राष्ट्र’ लिहितानाही जपावं. प्रक्षेपण करणारं, करवून घेणारं, ज्याची भूमी किंवा ज्याचा तळ वापरला ते, अशी सगळी राष्ट्रं त्यात येतात. कंपनीनं स्वतःच्या पैशानं उड्डाण विकत घेतलं तर तिचा देश ‘करवून घेणारा’ ठरतो का, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणून ‘अमेरिकेनं प्रक्षेपण करवून घेतलं’ असं लिहू नये; ‘अमेरिकी कंपनीनं प्रक्षेपण करवून घेतलं’ एवढंच लिहावं. उपग्रह कक्षेत असताना दुसऱ्या देशातल्या कंपनीला विकला, तरी प्रक्षेपक राष्ट्र बदलत नाही. अशा बातमीत ‘दायित्वही हस्तांतरित झालं’ हे वाक्य चूकच.