हॉलची फरशी उचलली, आता मिस्त्री कोणता?

प्रश्न : ताई, आम्ही विश्रामबागला राहतो. घर 8 वर्षांचं. एप्रिलमध्ये भर दुपारी हॉलमध्ये मोठा आवाज झाला. बघतो तर मधल्या 2 बाय 2 च्या चार टाईल तंबूसारख्या वर आलेल्या. तीन मिस्त्री येऊन गेले. एक म्हणतो सगळा हॉल काढा, दुसरा म्हणतो चारच बदलून देतो, तिसरा म्हणतो तोडफोड नको, जुन्यावरच नवीन चिकटवू. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : आज रात्री टीव्ही, पंखा बंद करून एक काम करा. एक नाणं आणि खडू घ्या. हॉलमधल्या प्रत्येक टाईलवर चारही कोपऱ्यांत आणि मधोमध नाण्याने ठोका. खाली भरीव असेल तर 'टक' असा कोरडा आवाज येतो, पोकळ असेल तर घुमल्यासारखा 'बद' येतो. एकदा दोन्ही आवाज ऐकलेत की पुढे कुणाला विचारावं लागणार नाही. पोकळ टाईलवर फुली मारत चला.

फुल्या त्या चारांच्या आसपासच असतील तर दुसऱ्या मिस्त्रीचं बरोबर. अर्धा हॉल फुल्यांनी भरला तर पहिल्याचं. तिसऱ्याचं मात्र तुमच्या घरात चालणार नाही. जुन्या फरशीवर नवी चिकटवता येते, पण जुनी घट्ट असेल तरच. तुमची तर उठून बसली आहे. शिवाय जाडी वाढली की सगळी दारं खालून कापावी लागतात, ते तुम्हाला त्याने सांगितलं नसणार.

आता हे का झालं, तेही समजून घ्या, कारण मिस्त्री पारखायला तेच कामी येतं. उन्हाने फरशी थोडी वाढते. टाईल एकमेकींना खेटून, भिंतीपासून भिंतीपर्यंत ठासून बसवल्या असतील तर वाढायला जागाच नसते, मग जिथे पकड कच्ची तिथून त्या उसळतात. पकड कच्ची का? तर व्हिट्रिफाईड म्हणजे काचेसारखी घट्ट भाजलेली टाईल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. नुसत्या सिमेंटच्या रबड्याला ती धरत नाही. त्यातून तिच्या पाठीवर भट्टीची पांढरी भुकटी असते, ती पुसली नाही तर पकड आणखी कमी. आणि तळमजला असेल तर आपल्याकडची काळी माती आहेच. तिच्यावर टाकलेला मुरूम नीट दाबला नसेल तर भराव खाली बसतो आणि फरशी वर अधांतरी राहते.

हे मी माझ्या आईच्या घरात बघितलं आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं, तेव्हा गावभागातल्या आमच्या घरात छातीभर पाणी होतं. पाणी उतरलं, गाळ काढला, आणि दिवाळी नव्या फरशीवर करायची असं आम्ही सगळ्यांनीच ठरवलं. भिंती वरून कोरड्या दिसत होत्या. मिस्त्री घाईचा होता, आम्ही त्याच्याहून घाईचे. पुढच्या उन्हाळ्यात स्वयंपाकघरातल्या टाईल बदबद वाजायला लागल्या. एक उचकटली तर पाठ कोरी करकरीत, जशी खोक्यातून आली तशी, सिमेंटचा कणसुद्धा नाही. खालचा मसाला बोटाने उकरला तर ओलसर वाळू सुटून हातात आली. आई शेजारी उभी होती. काही बोलली नाही, नुसती ती वाळू चिमटीत धरून बघत राहिली. त्या वर्षी कर्ज काढून केलेलं काम होतं ते. तेव्हापासून मी कुणाच्याही घरी गेले की फरशीच्या डिझाईनआधी तिच्या खाली काय आहे ते विचारते.

म्हणून मिस्त्री निवडताना त्याने गेल्या महिन्यात केलेलं काम बघू नका. नवं काम सगळ्यांचंच चकचकीत असतं. दोन-तीन उन्हाळे गेलेलं काम दाखव म्हणा आणि तिथे नाणं घेऊन जा. घरच्या बाईशी बोला, न्हाणीत पाणी कुठे साचतं ते तिला नेमकं माहीत असतं. थापी हातात धरून स्वतः बसणार कोण, हेही विचारा. ठरवायला एक जण येतो आणि कामाला दुसरीच पोरं, असं फार होतं.

मग कामाचं बोला. व्हिट्रिफाईड असेल तर टाईलचा चिकट मसाला (टाईल अ‍ॅडहेसिव्ह) वापरणार का? पोत्यावर आयएस 15477 छापलेलं असतं, ते बघून घ्या. दातेरी थापी आहे का? दोन टाईलमध्ये 2-3 मिलिमीटरचे स्पेसर, म्हणजे फट सारखी राखणारे तुकडे, लावणार का? भिंतीलगत बोटभर फट सोडणार का? ही फट स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावतात त्या टाईलच्या पट्टीखाली, झाकली जाते, दिसत नाही, पण फरशीला वाढायला तीच जागा. 'सांध दिसंल की ताई, जोडून बसवतो, एकदम आरशासारखं' असं जो म्हणेल त्याला चहा पाजून निरोप द्या.

काम सुरू झालं की पहिल्या तासात, नुकतीच बसवलेली एक टाईल उचलून दाखवायला सांगा. पाठ सगळी माखलेली पाहिजे, कोपऱ्यांसकट. चांगला मिस्त्री यात अपमान मानत नाही. उलट खूश होतो, कारण कुणीतरी त्याचं न दिसणारं काम बघतंय.

पैशाचं थोडक्यात. चौरस फुटाने उक्ते द्या, हजेरीने नको. पण त्या भावात जुनी फरशी फोडणं, राडारोडा उचलून नेणं, स्कर्टिंग आणि उंबऱ्याची कटाई धरली आहे का, ते कागदावर लिहा. स्कर्टिंग बहुधा रनिंग फुटाने वेगळं लावतात. इसार थोडाच द्या, आणि शेवटचा हप्ता ग्राउट (टाईलच्या सांध्यांत भरतात तो मसाला) सुकून आठवडा झाल्यावर, नाण्याने सगळी फरशी वाजवून मग.

प्रश्न : गिझर बदलताना बाथरूमच्या भिंतीच्या तीन सिरॅमिक टाईल फुटल्या. डिझाईन आता मिळत नाही. मिस्त्री म्हणतो सगळी भिंत नवीन करा.
– एक वाचक, कुपवाड

उत्तर : आधी माळ्यावर बघा, घर बांधतानाचं उरलेलं अर्धं खोकं बऱ्याचदा तिथेच असतं. नसेल तर त्या उंचीवर आडवा एक पट्टा मुद्दाम वेगळ्या रंगाचा घ्या. भिंत अख्खी पाडायची गरज नाही. फुटलेल्या टाईलभोवतीचं ग्राउट आधी कापून काढायला सांगा आणि मगच छिन्नी लावू द्या, नाहीतर शेजारच्या टाईलचेही टवके उडतात. सिमेंटवर बसवणार असाल तर सिरॅमिक टाईल पाण्यात भिजवावी लागते, चिकट मसाल्यावर अजिबात भिजवायची नाही. काही मिस्त्री दोन्हीकडे भिजवतात. आणि यापुढे एक खोकं जास्त घेऊन ठेवा. खोक्यावर शेडचा आणि बॅचचा नंबर असतो. त्याच डिझाईनची दुसरी बॅच आणली तर रंगात फरक दिसतो.

प्रश्न : ताई, मी 19 वर्षं फरशी बसवतो. लोक भाव पाडतात, स्पेसर नको म्हणतात, चिकट मसाला महाग पडतो म्हणून सिमेंटवर बसव म्हणतात. आणि दोन वर्षांनी फरशी वाजली की नाव आमचं. तुम्ही आमच्या बाजूनेही लिहा.
– एक फरशी मिस्त्री, मिरज

उत्तर : दादा, पत्र वाचून माझ्याच आईचं घर आठवलं. तिथे घाई आमची होती, आणि बोल लावला मिस्त्रीला. मालक मसाला वाचवायला सांगत असेल तर तेवढं तरी कागदावर त्याच्या सहीने लिहून घ्या, आणि पटत नसेल तर काम सोडा. तुमच्या हातचं काम गावात फिरत असतं.

वाचकांना एवढंच सांगते : मिस्त्री येण्याआधी खोली रिकामी करा, नळाला पाणी आणि उजेडाची सोय ठेवा, अर्धी फरशी झाल्यावर डिझाईन बदलू नका. आणि कटर अंगणात, पाणी सोडून चालवायला सांगा. कोरडी टाईल कापताना जी पांढरी धूळ उडते ती दगडाची धूळ आहे, वर्षानुवर्षं छातीत साठते. रुमाल बांधून भागत नाही, चांगला मास्क लागतो. टाईलच्या खर्चात तेवढे पैसे तुम्हीच धरा, आणि मास्क पहिल्याच दिवशी त्यांच्या हातात द्या.