वाचकांचे प्रश्न : टीव्हीचे डोळे आणि फोनचे कान

प्रश्न : नवा स्मार्ट टीव्ही सुरू करताना संमतीची पाने एकामागून एक येत गेली आणि आम्ही घाईघाईने सगळीकडे ‘मान्य’ दाबले. आता मुलगा म्हणतो की, आम्ही काय पाहतो याची नोंद टीव्ही ठेवतो. या टीव्हीला कॅमेरा नाही. मग हे कसे शक्य आहे?

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे बहुधा बरोबर आहे. त्यासाठी कॅमेरा लागतच नाही, कारण टीव्ही आपल्याकडे पाहत नसून स्वतःच्या पडद्याकडे पाहत असतो. अनेक स्मार्ट टीव्हींमध्ये ‘ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन’ नावाची सोय असते. पडद्यावरील चित्राचे किंवा आवाजाचे लहान लहान नमुने ती सतत टिपते, त्यांचा एक ठसा तयार करते आणि तो ठसा आधीच साठवून ठेवलेल्या कार्यक्रमांच्या व जाहिरातींच्या ठशांशी ताडून पाहिला जातो. तो जुळला की कोणत्या टीव्हीवर, कोणत्या वेळी, काय चालू होते हे कंपनीला कळते. कार्यक्रम केबलवरून आला की डीव्हीडी प्लेअरवरून, याने काही बिघडत नाही, कारण ठसा थेट पडद्यावरून घेतलेला असतो. व्हिझिओ या कंपनीने सुमारे १ कोटी १० लाख टीव्हींमधून ग्राहकांच्या संमतीविना अशी माहिती गोळा केली, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या ग्राहकहित पाहणाऱ्या सरकारी संस्थेने आणि न्यू जर्सी राज्याने केला होता. २०१७ मध्ये २२ लाख डॉलर भरून कंपनीने ते प्रकरण मिटवले.

ही सोय बंद करता येते, मात्र ती शोधावी लागते. सेटिंग्जमध्ये ‘पाळत’ या अर्थाचा शब्द कुठेही सापडणार नाही. सॅमसंगच्या टीव्हीवर तिचे नाव ‘व्ह्यूइंग इन्फॉर्मेशन सर्व्हिसेस’ असे आहे, तर एलजीच्या टीव्हीवर ‘लाइव्ह प्लस’. हे दुसरे नाव वाचून कोणालाही आपल्याला काहीतरी जास्तीचे मिळते आहे असेच वाटेल. ती बंद केल्याने चित्र किंवा आवाज यांत काडीचाही फरक पडत नाही. सॉफ्टवेअर अपडेट झाल्यावर पुन्हा एकदा तेथे डोकावून पाहावे. ज्या ॲपवर आपण चित्रपट पाहता ते ॲप स्वतःची नोंद वेगळी ठेवते आणि ती या बटणाने थांबत नाही, हेही ध्यानात असू द्यावे. टीव्ही केवळ पडदा म्हणूनच वापरायचा असेल, तर त्याला वायफायचा पासवर्ड न देणे हा सर्वांत सोपा उपाय आहे.

प्रश्न : मैत्रिणीशी गुडघेदुखीबद्दल बोलले आणि दुसऱ्याच दिवशी फोनवर गुडघ्याच्या पट्ट्यांच्या जाहिराती दिसू लागल्या. फोन आपले बोलणे ऐकतो का?

उत्तर : हा प्रश्न आमच्याकडे सर्वाधिक येतो. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,००० हून अधिक अँड्रॉइड ॲप्स तपासली, तेव्हा गुपचूप मायक्रोफोन सुरू करून संभाषण बाहेर पाठवणारे एकही ॲप त्यांना आढळले नाही. आढळली ती पडद्याची चित्रे किंवा चित्रफिती बाहेर पाठवणारी काही ॲप्स. म्हणजे इथेही संशय कानावर आणि चोरी पडद्यावरून! खरे तर जाहिरातदाराला आपले बोलणे ऐकण्याची गरजच नसते. मैत्रिणीने घरी जाऊन त्या पट्ट्यांचा शोध घेतला असेल, दोघींचे फोन तासभर एकाच वायफायला जोडलेले असतील आणि आपले वय साधारण ठाऊक असेल, तर एवढ्यावरून बांधलेला अंदाज पुरेसा ठरतो. जे अंदाज चुकतात ते आपल्या लक्षातही राहत नाहीत, हा भाग वेगळाच.

तेव्हा मायक्रोफोनवर चिकटपट्टी लावण्यापेक्षा परवानग्यांची यादी उघडावी. अँड्रॉइड १२ पासून पुढे ॲप मायक्रोफोन किंवा कॅमेरा वापरत असताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण दिसते. आयफोनवर मायक्रोफोनसाठी नारिंगी ठिपका दिसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे स्थानाची परवानगी ‘ॲप वापरत असतानाच’ एवढ्यापुरतीच ठेवावी आणि हवामान सांगणाऱ्या ॲपला अचूक स्थान देऊच नये, कारण पाऊस कळण्यासाठी आपण कोणत्या इमारतीत आहोत हे त्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. जाहिरातदार आपला फोन ज्यावरून ओळखतात तो जाहिरात ओळख क्रमांक अँड्रॉइडवर पुसून टाकता येतो. आयफोनवर २०२१ च्या आयओएस १४.५ या प्रणालीपासून इतर ॲप्स व संकेतस्थळांवर आपला माग काढू इच्छिणाऱ्या ॲपला आधी आपल्याला विचारावे लागते; तेव्हा निःसंकोचपणे नकार द्यावा. ॲप चालायचे थांबत नाही.

प्रश्न : ब्राउझरची ‘इन्कॉग्निटो’ खिडकी वापरली की पुरे ना?

उत्तर : घरातील इतरांपासून लपवायचे असेल तर पुरे. खिडकी बंद केली की इतिहास आणि कुकीज (संकेतस्थळांनी ठेवलेल्या ओळखीच्या छोट्या नोंदी) फोनवरून जातात. संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला मात्र आपण दिसतच राहतो.

प्रश्न : जुना फोन भाच्याला द्यायचा आहे. फोटो पुसले, आणखी काय करावे?

उत्तर : फोटो पुसणे पुरेसे नाही, कारण आपली मेल, संदेश आणि लॉगइन तसेच राहतात. आधी बॅकअप घ्यावा आणि पडताळणीचे कोड देणारे ॲप नव्या फोनवर हलवून ते चालते की नाही हे पाहावे. ही पायरी विसरली की मालकच आपल्या खात्याबाहेर अडकतो. मग जुन्या फोनवरून गूगल किंवा ॲपल खात्यातून बाहेर पडावे, नाहीतर फोन पुसून मूळ स्थितीत आणल्यावर, म्हणजे रिसेटनंतर, भाच्याकडे आपलाच पासवर्ड मागितला जाऊ शकतो. त्यानंतरच ‘फॅक्टरी रिसेट’ करावा. अलीकडच्या फोनमधील माहिती कूटबद्ध असते आणि रिसेटमध्ये तिची किल्लीच नष्ट होते, त्यामुळे मागे उरलेले वाचता येत नाही. मेमरी कार्ड मात्र या रिसेटमध्ये अनेकदा तसेच राहते. ते सिमकार्डासोबत आधीच काढून ठेवावे.