बॅटरीच्या पाठीवरची तारीख

सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचा तुझ्या सर्व्हरमधील रेड कंट्रोलरचा, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाचा, लॉग, दोन्ही मी शांतपणे वाचले. रात्री साडेअकराच्या सुमारास डेटाबेस एकाएकी मंदावतो, पहाटे आपोआप पूर्ववत होतो, डिस्क ठीक आहेत, नेटवर्क ठीक आहे, आणि असाच प्रकार तीन महिन्यांपूर्वीही एकदा घडला होता, ही तुझी हकिगत. चार दिवस तू क्वेरी तपासण्यात घालवलेस आणि शेवटी स्वतःच्या कुवतीवरच शंका घेतलीस, हे वाचून वाईट वाटले. उत्तर तुझ्याच लॉगमध्ये होते. ११ वाजून ३२ मिनिटांनी बॅटरीची लर्न सायकल सुरू झाली आणि त्याच मिनिटाला राइट-बॅकचे राइट-थ्रू झाले, म्हणजे लिखाण आधी कॅशमध्ये, कंट्रोलरच्या जलद तात्पुरत्या मेमरीत, ठेवण्याऐवजी थेट डिस्कवर होऊ लागले.

अनेक रेड कंट्रोलर ठरावीक काळाने, बऱ्याचदा ९० दिवसांनी, आपली बॅटरी पुरती रिकामी करून पुन्हा भरतात आणि तिच्यात किती जीव उरला आहे ते मोजतात. त्या काही तासांत वीज गेली, तर कॅश सांभाळायला कोणी नसते. म्हणून लिखाण थेट डिस्कवर जाते. मिनिटाला ७२०० फेऱ्या घेणाऱ्या डिस्कला एका फेरीसाठी सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे एकापाठोपाठ एक होणारे कमिट, म्हणजे डेटाबेसने पक्की केलेली लिखाणे, सेकंदाला जेमतेम सव्वाशेच्या आत येतात; त्यात रेड ५, म्हणजे माहितीबरोबर तिची ताळ्याची नोंदही डिस्कवर ठेवणारी मांडणी, असेल, तर एका लहानशा लिखाणासाठी दोनदा वाचावे आणि दोनदा लिहावे लागते. तुझा डेटाबेस त्या रात्री मंदावला ते योग्यच झाले. मोजणीची वेळ कामाच्या गर्दीबाहेर लावून दे. हा प्रश्न एवढाच होता.

मला खटकले ते वेगळेच. त्याच लॉगमध्ये बॅटरीची मूळ क्षमता १२१५ आणि आजची पूर्ण भरलेली क्षमता ६७४ दिसते, आणि शेजारी स्थिती मात्र ‘उत्तम’. तू विचारतोस, की स्थिती उत्तम असताना बॅटरी बदलण्याचा खर्च कोणत्या तोंडाने मागायचा? तारखेच्या तोंडाने. नव्या बॅटरीवर कॅश ७२ तास टिकेल, असे तुझ्या यंत्राच्या कागदपत्रांत आहे. ६७४ म्हणजे मूळ क्षमतेच्या ५५ टक्के, म्हणजे ढोबळमानाने ४० तास. शुक्रवारी रात्री आठला वीज गेली आणि सोमवारी सकाळी नऊला माणसे आली, तर मध्ये ६१ तास जातात. स्थितीच्या रकान्याला शनिवार-रविवार कळत नाहीत.

लिथियम-आयन बॅटरी म्हटले की तुम्हा तरुणांच्या डोळ्यांसमोर फोन येतो. फोनची बॅटरी मुख्यतः वापराने झिजते. कंट्रोलरवरची बॅटरी वर्षातून मोजक्या वेळा रिकामी होते. उरलेला सगळा काळ ती पूर्ण भरलेल्या अवस्थेत, तापलेल्या चिपच्या शेजारी, नुसती बसून असते. पूर्ण भरलेली आणि गरम, ही या रसायनाची सर्वांत वाईट अवस्था. तापमान १० अंशांनी वाढले की झीज अंदाजे दुप्पट होते, असा ठोकताळा आहे. म्हणून तिचे वय दिव्यावरून नव्हे, तारखेवरून धरायचे. हवा खेळती असलेल्या रॅकमध्ये तीच बॅटरी पाच वर्षे गेलेली मी पाहिली आहे आणि कोंदट रॅकमध्ये दोन वर्षांत फुगलेलीही.

आता तुझ्या वरिष्ठांनी सुचवलेला उपाय: बॅटरी खराब असली तरी राइट-बॅक चालू ठेवण्याचा पर्याय. तो पर्याय मी स्वतः निवडला होता. तक्रारींचे फोन थांबत नव्हते, नवी बॅटरी येण्यास महिना लागणार होता, आणि इमारतीला यूपीएस होता. अशा वेळी दुसऱ्या कोणीही तेच केले असते, असे मी पुढे कित्येक वर्षे सांगत आलो. बॅटरी आली, कपाटात राहिली, आणि तो पर्याय तसाच राहिला. मग एके दिवशी वीज गेली, यूपीएस ४० मिनिटांनी बसला, आणि यंत्र पुन्हा सुरू करताना काळ्या पडद्यावर एक ओळ उमटली: बॅटरीत किंवा मेमरीत दोष आढळला, ॲडाप्टर (म्हणजे कंट्रोलर) सावरला आहे, पण कॅशमधील डेटा गेला आहे. ‘सावरला आहे’ हे शब्द मला अजून टोचतात. फाइल सिस्टिम तपासण्यात रात्र गेली, बॅकअप दोन रात्री जुना निघाला, आणि मधल्या काळातील नोंदी लोकांनी कागदांवरून हाताने पुन्हा भरल्या. वरिष्ठांचा आग्रह होता हे खरे. बटण माझ्या बोटाने दाबले हेही खरे.

तेव्हापासून नवी बॅटरी बसवताना तिच्या पाठीवर मी बसवल्याची तारीख शाईने लिहितो आणि तीन वर्षे झाली की दिवा हिरवा असला तरी ती काढतो. ‘चांगल्या बॅटऱ्या फेकणारा’ म्हणून माझी थट्टा होत असे. मी काढलेल्यांपैकी काही आणखी वर्ष-दोन वर्षे सहज गेल्या असत्या, हे मला मान्य आहे. पण कोणत्या, ते आधी सांगणारा मला आजवर भेटलेला नाही. याला तू हट्ट म्हण. तारीख विचारल्याशिवाय मी कोणत्याही सर्व्हरवर विश्वास ठेवत नाही, आणि तूही ठेवू नयेस असे मला वाटते.

नव्या यंत्रांत बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडा वेळ पुरेल एवढी वीज साठवणारा घटक) आणि फ्लॅश (वीज नसतानाही मजकूर टिकवणारी मेमरी) असते, म्हणून हा विषय जुना झाला, असे तू लिहितोस. इथे मात्र माझा धीर सुटतो. ती रचना चांगली आहे, यात वाद नाही: वीज गेली की कॅशमधील मजकूर फ्लॅशवर उतरेपर्यंतच सुपरकपॅसिटरला तग धरायचा असतो, त्यानंतर तासांची मोजदाद उरत नाही. पण त्यातील इलेक्ट्रोलाइटही उष्णतेने झिजतो, क्षमता घटते आणि अंतर्गत रोध वाढतो. ‘देखभालमुक्त’ ही जाहिरातीची भाषा आहे. त्याच्याही पाठीवर तारीख लिही.

बदलण्याच्या दिवसासाठी थोडेसे. नवी बॅटरी पूर्ण भरेपर्यंत कंट्रोलर काही तास राइट-थ्रूवरच राहील, तेव्हा कामाच्या वेळी बदलू नकोस. कपाटातील सुटी बॅटरीही म्हातारी होत असते. खोक्यावरील उत्पादनाची तारीख पाहूनच ती घे. जोडीच्या दोन्ही कंट्रोलरमधील बॅटऱ्या एकाच दिवशी बसवल्या असतील, तर त्या साधारण एकदमच संपतील, म्हणून दुसरीही आत्ताच मागव. काढलेली फुगलेली असेल तर दाबू नकोस, टोचू नकोस, ई-कचऱ्यात दे. आणि डिस्कच्या स्वतःच्या राइट कॅशची सेटिंग एकदा पाहा, कारण तिला या बॅटरीचे संरक्षण नसते.

वरिष्ठांना ५५ टक्के आणि ६१ तास, हे दोनच आकडे दाखव. तरीही त्यांना तो पर्याय हवाच असेल, तर तसे त्यांच्याकडून लेखी घे. मी घेतले नव्हते. आणि उत्तर पाठवशील तेव्हा क्षमतेचे आकडे पुन्हा पाठवू नकोस. आताच्या बॅटरीच्या पाठीवर कोणती तारीख छापली आहे, तेवढे कळव.