क्रूझवर रात्रीच्या जेवणाला काय घालायचं? आई नऊवारी नेसतात, सूट-गाऊन घ्यावाच लागेल का?

आईंना नऊवारीतच न्या. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आधी ठरवून टाका.

तुम्ही लिहिलंय की मे महिन्यात सिंगापूरहून चार रात्रींची क्रूझ आहे, सोबत बायको आणि आई-वडील. बुकिंगच्या कागदावर एका रात्रीपुढे 'फॉर्मल' लिहिलंय. वडील धोतर, नेहरू शर्ट आणि टोपीत असतात, आई नऊवारीत, आणि एजंट म्हणतोय की सूट आणि गाऊन घेऊन टाका. मी सोलापुरातलाच. पूर्व भागात माझं शिलाईचं दुकान आहे. शाळा सुरू व्हायच्या आधीचे महिने युनिफॉर्ममध्ये जातात, बाकी लग्नाचे कोट आणि शेरवान्या. दोन वर्षांपूर्वी आम्हीही सिंगापूरहून अशाच चार रात्रींसाठी गेलो होतो, पेनांग आणि फुकेत करून परत.

आमच्या एजंटानेही हेच सांगितलं होतं. "फॉर्मल नाइटला साडी चालत नाही, पार्टीवेअर लागतं." मी विश्वास ठेवला. स्वतःसाठी काळा सूट शिवला, बायकोसाठी पुण्याहून लांब गाऊन आणला. आईला काय घ्यायचं ते मात्र सुचेना. ती सत्तरीपुढची, उभ्या जन्मात नऊवारीशिवाय काही नेसलेली नाही. ती म्हणाली, "तुम्ही जावा खाली, मी वरच बरी." दुसऱ्या रात्री आम्ही नटूनथटून मोठ्या जेवणघरात उतरलो आणि ती वरच्या मजल्यावर बुफेत एकटी बसून दहीभात जेवली.

जेवणघराच्या दारात रांग होती. आमच्या पुढे एक मलेशियाचा परिवार होता. त्यातल्या आजोबांच्या अंगात त्यांच्याकडचा रेशमी सदरा-पायजमा आणि कमरेला जरीचं वस्त्र गुंडाळलेलं. त्यांच्याही पुढे एक तमिळ जोडपं, बाई कांजीवरममध्ये आणि गृहस्थ पांढऱ्याशुभ्र वेष्टीत. दारावरच्या माणसाने सगळ्यांना सारख्याच अदबीने आत घेतलं. माझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं, आणि त्या रात्री आम्हा दोघांनाही जेवण गेलं नाही. आईची टोपपदराची इरकल, लाल पदराची, आमच्याच बॅगेत घडी घालून ठेवलेली होती. परत आल्यावर मी कंपन्यांचे नियम बसून वाचले. ते आधी वाचायला हवे होते, म्हणून तुम्हाला एवढं लांबलचक लिहितोय.

आपल्या सोलापुरात तर हे समजायला अवघड जाऊ नये. गड्ड्याच्या यात्रेत सिद्धेश्वरांचे नंदीध्वज, म्हणजे मानाच्या उंच काठ्या, निघतात तेव्हा ते पेलणारे लोक पांढरी बाराबंदी घालून येतात. एरवी तोच माणूस टी-शर्टवर फिरत असेल, पण त्या दिवशी बाराबंदीच. कारण तो दिवस तसा आहे. जहाजावरच्या फॉर्मल रात्रीचा अर्थ एवढाच की आज तुमच्याकडचा सगळ्यात मानाचा कपडा घाला. तो विलायती असला पाहिजे असं कुठंही नाही. कपड्यांच्या बाबतीत सगळ्यात कडक मानली जाणारी कंपनी म्हणजे क्युनार्ड, क्वीन मेरी २ वाली. त्यांच्या गाला रात्रीला पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट-टाय लागतो, पण त्याच नियमात राष्ट्रीय पोशाखही बसतो. जिथे सर्वांत जास्त शिस्त आहे तिथे ही मुभा आहे, तर सिंगापूरच्या चार रात्रींच्या सहलीत नऊवारीला कोण अडवणार?

दुसऱ्या टोकाला नॉर्वेजियन क्रूझ लाइन. त्यांच्याकडे सूट-गाऊनची सक्तीची रात्रच नाही. मुंबईहून निघणाऱ्या कॉर्डेलियावर बहुतेक प्रवासी आपलेच, त्यामुळे साडी-कुडत्याचा प्रश्नच येत नाही. तुमची कंपनी कुठली ते तुम्ही लिहिलं नाही, पण सिंगापूरहून सुटणारी बहुतेक जहाजं या दोन टोकांच्या मधली असतात. तरी एजंटाच्या शब्दावर जाऊ नका. कंपनीच्या संकेतस्थळावर कपड्यांचं पान असतं, ते स्वतः वाचा, आणि शंका राहिली तर ई-मेल टाकून लेखी उत्तर घ्या. वडिलांच्या टोपीबद्दल तर आवर्जून विचारा. जेवणघरात डोक्यावरची क्रिकेटची टोपी काढायला सांगतात. आपली पांढरी टोपी पोशाखाचाच भाग आहे, पण दारात वडिलांवर समजावून सांगायची वेळ येऊ नये, म्हणून आधी विचारलेलं बरं.

आता चारही रात्रींचं. रोज संध्याकाळी काय घालायचं ते जहाजाच्या दैनिक पत्रकात किंवा त्यांच्या ॲपमध्ये लिहिलेलं असतं. कॅज्युअल म्हणजे कॉलरचा शर्ट आणि पूर्ण लांबीची पॅन्ट, बायकांना पंजाबी ड्रेस किंवा साधी साडी. नवी पेठेत खरेदीला निघतो तसं. स्मार्ट कॅज्युअल म्हणजे एखाद्याच्या साखरपुड्याला जातो तसं. फॉर्मल म्हणजे जवळच्या लग्नातलं रिसेप्शन. हे तिन्ही आपल्याला येतातच, फक्त नावं त्यांची आहेत. पोहण्याचे कपडे, अनवाणी पाय, बनियनसारखे बिनबाह्यांचे टी-शर्ट हे मोठ्या जेवणघरात कुठल्याच रात्री चालत नाही. हाफ पॅन्टचं जहाजागणिक वेगळं आहे, म्हणून रात्री घालूच नका. चार रात्रींत फॉर्मल बहुधा एकच असते, आणि ती साधारण त्या दिवशी ठेवतात ज्या दिवशी जहाज बंदराला लागत नाही, म्हणजे लोकांना तयारीला वेळ मिळतो. कुणाला नटायचा कंटाळा आला तर बुफे त्या रात्रीही उघडा असतो. पण तो कंटाळा असू दे, संकोच नको.

कपड्याबद्दल मात्र मला जरा सविस्तर बोलू द्या, कारण इथे लोक फसतात. जहाजावर खोलीत इस्त्री वापरता येत नाही. आगीचा धोका म्हणून इस्त्री आणि वाफेची इस्त्री, दोन्ही बॅगेतून काढून घेतात आणि उतरताना परत देतात. पैसे देऊन कपडे इस्त्रीला देता येतात, पण संध्याकाळी हवा असलेला कपडा सकाळी सुचत नाही. म्हणून असं कापड न्या जे बॅगेतून काढलं आणि तासभर टांगलं की बसतं. सूट असेल तर टेरीवूलचा, म्हणजे पॉलिएस्टर आणि लोकर मिसळलेल्या कापडाचा. पॅन्ट-शर्टाला पॉली-व्हिस्कोज, ज्याला आम्ही धंद्यात पीव्ही म्हणतो. शाळेचा युनिफॉर्म दिवसभर पोरांनी चुरगाळूनही संध्याकाळी बरा दिसतो तो याच कापडामुळे. लिनन नेऊ नका, ते घडीतच मोडतं. शुद्ध सुती कुडता न्यायचाच असेल तर तो पहिल्याच रात्री वापरा.

सुरकुत्या पडल्याच तर बाथरूममध्ये कपडा टांगा, गरम पाण्याचा शॉवर दहा मिनिटं सोडा, दार लावून घ्या, मग हाताने खाली ओढून सरळ करा. रेशमाला पाण्याचा थेंब लागू देऊ नका, वाफ पुरते. खोलीच्या भिंती पोलादी पत्र्याच्या असतात, त्यामुळे चुंबकाचे हूक न्या. कपाट चौघांना पुरत नाही, हे हूक फार कामाला येतात. कोट बॅगेत भरताना एक खांदा उलटा करून दुसऱ्या खांद्यात बसवा, अस्तर बाहेर येऊ द्या, मग मधोमध घडी घाला. कॉलर आणि लेपल मोडत नाहीत.

तुम्हाला सूट लागेल का? लग्नातला आहे का घरात? असेल तर तोच न्या. कंबर बसत नसेल तर शिंप्याकडे जा. चांगल्या शिवलेल्या पॅन्टीत मागच्या शिवणीला आत माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडलेली असते, दीड-दोन इंच सहज वाढतं. कोटाच्याही बाजूच्या शिवणीत थोडं निघतं. खांदे मात्र सैल करता येत नाहीत, तिथे अडलं तर तो कोट सोडून द्या. नवीन काही शिवायचंच असेल तर मी सूट सुचवणार नाही. बंदगळ्याचा कोट शिवा, जोधपुरी म्हणतात तो, काळा किंवा गडद निळा. टाय लागत नाही, फॉर्मल रात्रीला शोभतो, आणि परत आल्यावर प्रत्येक लग्नात घालता येतो. आमच्याकडे येणाऱ्यांना मी हेच सांगतो, जरी सुटाच्या शिलाईत मला जास्त मिळत असले तरी.

वडिलांना धोतर, पांढरा नेहरू शर्ट आणि त्यावर एक चांगलं जाकीट. जाकिटाने सगळा पोशाख एकदम भारदस्त होतो. मटका सिल्क किंवा त्याच्यासारखं दिसणारं कापड घ्या, मरून नाहीतर मोतिया. पायात मोजडी. रबरी स्लिपर जेवणघरात चालणार नाही, आणि कोल्हापुरी डेकवर नको, ओल्या फरशीवर कातडी तळ सरकतो. जहाज रात्री थोडं हलतं, वयस्कर माणसाला पायात पक्कं काहीतरी हवं. बायकोलाही उंच टाचेचं नेऊ नका म्हणावं, रुंद आणि बुटकी टाच ठीक. नऊवारीचा इथे फायदाच आहे. कासोटा घातलेला असल्यामुळे जिने चढताना, बाथरूमचा उंबरा ओलांडताना पायात निऱ्या येत नाहीत. माझ्या बायकोचा गाऊन मात्र जिन्यात दोनदा पायाखाली आला.

आईंना रोज इरकल आणि त्या रात्री घरातली सगळ्यात चांगली साडी, पैठणी असेल तर पैठणी. नसेल तर नवीन घ्यायला चाटी गल्लीत पळू नका. लग्नाकार्यात नेसतात ती चालेल. साडीच्या घडीत पातळ सुती कापड घाला म्हणजे जर एकमेकांवर घासत नाही. सेफ्टी पिना भरपूर न्या. आणि शाल हवीच. जेवणघरात एसी एवढा असतो की दीड-दोन तास बसवत नाही, आणि जेवून डेकवर गेलं की वारा. आमच्या सोलापुरी चादरीवर माझा जीव आहे, पण ती बॅगेत अर्धी जागा खाते. हलकी लोकरी शाल घ्या.

पहिल्या रात्रीचं लोक हमखास विसरतात. बंदरावर मोठ्या बॅगा ते ताब्यात घेतात आणि त्या खोलीच्या दाराशी यायला कधीकधी रात्र होते. जुन्या काळी अटलांटिक ओलांडणाऱ्या बोटींवर पहिल्या वर्गातले लोकसुद्धा पहिल्या संध्याकाळी नटत नसत, कारण ट्रंका उघडलेल्या नसायच्या. तो शिरस्ता अजून टिकून आहे, पहिली रात्र साधीच असते. तरी प्रवासातल्या चुरगळलेल्या कपड्यांवर आईंना बसायला लावू नका. हातातल्या पिशवीत चौघांचा एकेक जोड, आईंची घडीची साडी आणि औषधं एवढं ठेवा.

शाकाहारी असाल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, आणि जेवणाची वेळ निवडता आली तर लवकरची घ्या. आमच्या घरी सातला पानं वाढतात, आठनंतर आईला झोप यायला लागते.

आमच्या शेवटच्या रात्री आईला मी हाताला धरून खाली नेलं. ती रात्र साधी होती, तरी तिने तीच लाल पदराची इरकल नेसली, नाकात नथ घातली. आमच्या टेबलावरचा वाढपी गोव्याचा होता. त्याने तिला "या आजी" म्हणून खुर्ची ओढून दिली आणि तीन दिवस कुठे होतात म्हणून विचारलं. ती म्हणाली, "मला वाटलं मला चालत नाही इथं."

तुम्ही मेमध्ये निघणार म्हणजे ऐन लग्नसराई. गावातला कुठलाच शिंपी तेव्हा आठ दिवसांत शिवून देणार नाही. वडिलांच्या जाकिटाचं आणि तुमच्या बंदगळ्याचं माप एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात देऊन टाका, आणि माप देताना नेहरू शर्ट अंगात घालूनच द्या, नाहीतर जाकीट बगलेत दाटतं.