माणूस मारकुटा जन्मतःच असतो की घरातल्या वागणुकीने होतो?

दोन्ही, पण एवढं बोलून सोडून दिलं की खरी गंमत निसटते. न्यूझीलंडमधल्या डुनेडिन शहरात १९७२-७३ ला जन्मलेल्या हजारेक मुलांवर संशोधक वर्षानुवर्षं लक्ष ठेवून होते, त्यातल्या मुलग्यांचा एमएओए नावाचा जीन त्यांनी तपासला. हा जीन मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं मोडणारं एन्झाइम बनवतो, काहींच्यात ते कमी बनतं. २००२ मध्ये निकाल आला तो असा की एन्झाइम कमी पण घरात नीट वाढलेली पोरं काही जास्त हिंसक निघाली नाहीत, मात्र एन्झाइम कमी आणि वर लहानपणी मारझोड, हाल झालेले मुलगे जेमतेम १२ टक्के, आणि हिंसेच्या गुन्ह्यांतल्या शिक्षा ४४ टक्के त्यांच्याच नावावर! पुढच्या सगळ्याच अभ्यासांत हे इतकं ठळक दिसलं नाही, हेही खरंय.

मीडियाने ह्याला 'वॉरियर जीन' करून टाकलं ते मला फालतू वाटतं, कारण जीनचा हा कमी एन्झाइमवाला प्रकार त्या अभ्यासातल्या तिघा मुलग्यांपैकी एकात तरी होता, ते सगळे काय चाकू घेऊन फिरत नव्हते. हां, नेदरलँड्समधल्या एका कुटुंबातल्या काही पुरुषांत हे एन्झाइम अजिबातच बनत नव्हतं (१९९३ चं संशोधन) आणि ते खरंच भडकून मारामारी, जाळपोळ करायचे, पण अशा केसेस अगदीच दुर्मिळ.